लायब्ररी, दप्तर आणि म्युझियमच्या नोंदी एकमेकांना जोडायच्या कशा: बडोद्यातल्या छोट्या संग्रहांसाठी

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक मुलगी बडोद्याला आली होती, मौलाबक्षांवर काम करत होती. मौलाबक्ष म्हणजे ज्यांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं इथं गायनशाळा सुरू केली ते. तिनं लायब्ररीत शोधलं, म्युझियममध्ये विचारलं, जुन्या दप्तरात अर्ज केला, आठवडाभर उन्हातान्हात फिरली, आणि परत जायच्या आदल्या दिवशी दांडिया बाजारात कुणाकडेतरी चहाला बसलेली असताना तिला कळलं की आमच्या मंडळाच्या कपाटात गायनशाळेतल्या एका विद्यार्थ्याची हातानं लिहिलेली वही आहे. ती वही आमच्या रजिस्टरमध्ये चढवलेलीही होती. नोंद काय, तर "जुनी वही, संगीत, नग १". ती मुलगी अर्धा तास वही बघून रात्रीच्या गाडीनं गेली, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी मंडळाच्या साडेचारशे वस्तूंच्या नोंदी नीट करून बाहेरच्या पोर्टलांना, म्हणजे अनेक संग्रहांच्या नोंदी एकत्र शोधून देणाऱ्या वेबसाईटना, वाचता येतील अशा केल्या. मी लायब्ररी सायन्स शिकलेली नाही, सगळं विचारत विचारत केलं. बडोद्यात अशी कपाटं घरोघरी आणि मंडळामंडळात आहेत, म्हणून ज्या क्रमानं करायला हवं होतं तो क्रम इथं लिहून ठेवते आहे, मी केला तो क्रम चुकीचा होता.

१. आधी हे गोळा करा

- जुनं ॲक्सेशन रजिस्टर (आलेली प्रत्येक वस्तू चढवतात ते), कितीही फाटकं असलं तरी, आणि त्याच्या सगळ्या पानांचे फोटो
- वस्तू कुणी दिल्या त्याची पत्रं, पावत्या, मंडळाच्या मीटिंगचे ठराव
- कार्यकारिणीचा लेखी ठराव, की नोंदी बाहेर द्यायला परवानगी आहे (तोंडी चालत नाही, कमिटी बदलली की सगळं परत पहिल्यापासून)
- एक कॉम्प्युटर, शीटसाठी लिब्रेऑफिस, आणि नोंदी साफ करायला ओपनरिफाईन, दोन्ही फुकट आहेत
- मोडी वाचणारं एक माणूस, आणि जुनं बडोदं माहीत असलेलं एक म्हातारं माणूस

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे हे मी मनापासून सांगते. आमच्याकडे ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी यायच्या, फोटोतल्या जिन्यावरून वाडा ओळखायच्या. नोंदींचं स्टँडर्ड कितीही चांगलं असलं तरी रकान्यात भरायची माहिती अशा माणसांकडेच असते, आणि ती माणसं वाट बघत बसत नाहीत.

सॉफ्टवेअर विकत घ्यायला या टप्प्यावर अजिबात जाऊ नका.

२. कुणाची भाषा कोणती ते समजून घ्या

लायब्ररी, अर्काइव्ह आणि म्युझियम या तिघांच्या नोंदी करायच्या रीती वेगळ्या आहेत आणि त्याला कारण आहे. पुस्तकाच्या हजार प्रती असतात, म्हणून लायब्ररीचा भर एकदा केलेली नोंद सगळ्यांनी वापरण्यावर, तिथं मार्क हे कॉम्प्युटरसाठीचं नोंदीचं स्टँडर्ड चालतं. ते १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांनी तयार केलं, त्यात प्रत्येक गोष्टीला नंबर आहे, पुस्तकाचं नाव २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, विषय ६५० मध्ये. दप्तरात कागद सुटा नसतो, तो कुणाच्या तरी कामकाजात तयार झालेला असतो, म्हणून तिथं आधी संपूर्ण दप्तराचं वर्णन, मग रुमालाचं (कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचं), मग फाईलचं आणि शेवटी कागदाचं, असं वरून खाली येतात. त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड म्हणजे आयसॅड-जी, त्यात २६ घटक आहेत पण देवाणघेवाणीसाठी सहा पुरतात: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान आणि पातळी. म्युझियमला वस्तू एकच असते, तिथं ती कशाची बनली, माप काय, कुठून आली, हे मोठं. त्यांच्यात देवाणघेवाणीसाठी लिडो हे स्टँडर्ड आहे, आणि आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं केलेलं 'जतन' सॉफ्टवेअर राष्ट्रीय म्युझियमांमध्ये चालतं.

बडोद्यात हे वेगळं समजावून सांगायला नको खरं तर. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, त्यांनी सेंट्रल लायब्ररीसाठी कटर आणि ड्यूई या दोन पद्धती मिसळून बडोद्याची स्वतःची वर्गीकरण पद्धत तयार केली, म्हणजे बाहेरचं घ्यायचं आणि घराप्रमाणे बेतायचं हे इथं शंभर वर्षांपूर्वी झालंय. तुमच्या एखाद्या पुस्तकाच्या पाठीवर तो जुना नंबर दिसला तर खरवडून काढू नका, वेगळ्या रकान्यात टिपून ठेवा.

मग तिघांना जोडायचं कसं? प्रत्येकानं आपली सविस्तर नोंद आपल्याकडे आपल्या रीतीनं ठेवायची, आणि बाहेर देताना तिचा छोटा, सगळ्यांना कळणारा सारांश द्यायचा. तो सारांश म्हणजे डब्लिन कोअर. आयर्लंडचं डब्लिन नाही हं, अमेरिकेतल्या ओहायोमधलं डब्लिन, १९९५ मध्ये तिथं बैठक झाली म्हणून हे नाव.

३. पंधरा रकान्यांची शीट करा

रकाने असे: टायटल, क्रिएटर, सब्जेक्ट, डिस्क्रिप्शन, पब्लिशर, कॉन्ट्रिब्युटर, डेट, टाइप, फॉरमॅट, आयडेंटिफायर, सोर्स, लँग्वेज, रिलेशन, कव्हरेज, राइट्स. एकही सक्तीचा नाही आणि प्रत्येक कितीही वेळा वापरता येतो. ही मोकळीक आहे तशीच मोठी फसगतही आहे, कारण सक्ती नाही म्हटल्यावर लोक फक्त टायटल भरून सोडून देतात. आम्ही आमच्यापुरते टायटल, डेट, टाइप, आयडेंटिफायर, लँग्वेज आणि राइट्स हे सहा सक्तीचे ठरवले.

शीटमध्ये या पंधरांच्या शिवाय तुमचे स्वतःचे रकाने खुशाल ठेवा, कपाट नंबर, कीड लागली आहे का, देणगीदार. ते बाहेर जाणार नाहीत.

एका रकान्यात दोन गोष्टी असल्या तर मध्ये उभी रेघ घाला, स्वल्पविराम नको. नावातच स्वल्पविराम येतो, "गायकवाड, सयाजीराव" असं, मग मशीनला वाटतं दोन माणसं आहेत.

आयडेंटिफायर एकदा दिला की बदलायचा नाही. आमच्याकडे एका कार्यकर्त्यानं कपाटं रंगवून झाल्यावर सगळे नंबर कपाटाप्रमाणे नवीन दिले, जुन्या पावत्यांशी मेळ बसेना, ते निस्तरायला चार महिने गेले. नंबर वस्तूचा असतो, जागेचा नाही. आणि ०४५ असा शून्यानं सुरू होणारा नंबर असेल तर रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं.

४. नावं. इथं जास्तीत जास्त वेळ द्या

नोंदी जुळत नाहीत त्याचं पहिलं कारण नावं. मौलाबक्ष घ्या. मराठीत मौलाबक्ष, हिंदी-उर्दू वळणानं मौला बख्श, इंग्रजी कॅटलॉगमध्ये शेवटी एक्स लावून मौला बक्स, कुठं उस्ताद लावलेलं, कुठं प्रोफेसर. समजा लायब्ररीत त्यांचं स्वरलिपीचं पुस्तक एका स्पेलिंगनं आहे, दप्तरात पगाराचा कागद दुसऱ्यानं आणि म्युझियममध्ये वाद्य तिसऱ्यानं, तर कॉम्प्युटरच्या लेखी हे तीन परके लोक आहेत.

उलटही होतं आणि ते जास्त घातक. बडोद्याच्या गादीवर सयाजीराव नावाचे तीन राजे झाले. आपल्याला सवयीनं तिसरेच आठवतात, ज्यांचा जन्म १८६३ चा, गादीवर आले १८७५ मध्ये आणि गेले १९३९ मध्ये. पण १८३० च्या कागदावर सयाजीराव असेल तर ते दुसरे सयाजीराव, त्यांची कारकीर्द १८१९ ते १८४७. आमच्या जुन्या यादीत असे अकरा कागद तिसऱ्या सयाजीरावांच्या नावावर होते, म्हणजे त्यांच्या जन्माआधीची पत्रं त्यांच्या सहीची म्हणून नोंदलेली!

यावर उपाय असा:

नावांची वेगळी शीट करा. प्रत्येक माणसाला एक ओळ, एक ठरवलेलं रूप, बाकी सगळी रूपं शेजारी उभ्या रेघेनं, जन्म-मृत्यूचं साल, आणि तो माणूस विकीडेटा किंवा व्हायफ या जागतिक यादीत सापडला तर तिथला नंबर. मुख्य शीटमध्ये ठरवलेलं रूप आणि तो नंबर दोन्ही टाका. नंबर सारखा असला की स्पेलिंग काहीही असो, बाहेरचं पोर्टल ओळखतं की हा तोच माणूस. जे या याद्यांमध्ये नाहीत, म्हणजे आपल्याकडचे कारकून, मास्तर, गायिका, फोटोग्राफर, त्यांना तुमचा स्वतःचा नंबर द्या. त्यांची नोंद जगात फक्त तुमच्याकडेच असेल, म्हणून ती जास्त काळजीनं करा.

ओपनरिफाईनमध्ये क्लस्टर म्हणून सोय आहे, सारखी दिसणारी नावं एकत्र काढून दाखवते. बघायला वापरा, पण सरसकट मर्ज करू नका. बाप-लेक-नातू एकाच नावाचे असतात आपल्यात, आजोबांचं नाव नातवाला.

कागदावर जसं लिहिलंय तसं डिस्क्रिप्शनमध्ये जपून ठेवा, ठरवलेलं रूप क्रिएटर किंवा सब्जेक्टमध्ये. गावांचंही तेच. बडोदे, बडोदा, वडोदरा, सगळी एकाच शहराची, त्यांना एकच नंबर. पण "कडी प्रांत" लिहिलेलं असेल तर ते खोडून मेहसाणा करू नका, संस्थानात कडी प्रांत खरंच होता. तसंच १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि गुजरात झालं १९६० मध्ये, म्हणून १९५५ च्या कागदाच्या कव्हरेजमध्ये (जागा-काळाच्या रकान्यात) मुंबई राज्य आलं की चूक समजून दुरुस्त करू नका.

५. तारखा

आपल्याकडच्या कागदांवर एकच पंचांग नाही. मराठी कागदावर शके, गुजराती चोपड्यावर विक्रम संवत, मोडी पत्रात सुहूर सन, आणि सरकारी कागदावर इसवी. ढोबळ हिशेब देते:

शकात ७८ मिळवा म्हणजे इसवी, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९.

विक्रम संवतात गुजरातमध्ये नवीन वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात लागतं, उत्तरेत चैत्रात. म्हणून गुजराती चोपड्याला कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा आणि जानेवारी ते आश्विन ५६. बाहेरगावच्या कुणी तयार तक्ता दिला तर तो उत्तरेचा आहे का ते आधी विचारा, नाहीतर चैत्र ते आश्विन सगळे महिने एक वर्षानं चुकतात, आणि ही चूक दिसतच नाही कारण साल तर बरोबर वाटतं.

सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, उदाहरणार्थ "खमस मयातैन व अलफ" म्हणजे पाच, दोनशे आणि हजार, १२०५. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणून ५९९ मिळवून १८०४ आणि पुढच्या मृगापर्यंत १८०५. महिना कळत नसेल तर दोन्ही सालं लिहायची.

शीटमध्ये तारखेचे दोन रकाने ठेवा. एकात कागदावरची तारीख जशीच्या तशी, दुसऱ्यात मशीनसाठी, आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये छोटी आडवी रेघ, आणि आकडे इंग्रजी. देवनागरी आकडे माणसांच्या रकान्यात ठेवा, मशीनच्या रकान्यात पोर्टल ते घेत नाहीत. दोन सालांमधली असेल तर मध्ये तिरपी रेघ, अंदाजे असेल तर सालानंतर लाटेसारखं चिन्ह, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. ही खुणांची पद्धत २०१९ पासून आयएसओच्या तारखेच्या स्टँडर्डमध्येच आहे, आपली आपण बनवलेली नाही. "अंदाजे शंभर वर्षं जुनं" असं लिहू नका, कधीपासून शंभर ते दहा वर्षांनी कुणाला कळणार.

आणि एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखांना तारीख मानतच नाही, तिथंही रकाना टेक्स्ट ठेवा.

६. अक्षरं आणि लिपी

जुन्या याद्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटात टाईप केलेल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांत, आणाव्या लागतील. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, ऱ्य-ऱ्ह आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासा. एक बारीक गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही: ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाईप होतं, एक आख्खं अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, सर्चला वेगळं. म्हणून ॲकॅडमी शोधली तर अर्ध्याच नोंदी यायच्या. आम्ही फाईंड-रिप्लेस करून सगळीकडे आख्खं अक्षर ठेवलं.

भाषा आणि लिपी वेगळ्या रकान्यात. मोडी ही लिपी आहे, भाषा मराठी. "भाषा: मोडी" अशा नोंदी मी इतक्या ठिकाणी पाहिल्यात की मोजणं सोडलं. भाषेला आयएसओचे तीन अक्षरी कोड आहेत, लिपीला चार अक्षरी. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, पण शीर्षक देवनागरीतच द्या, शोधणारा देवनागरीतच टाईप करणार. शक्य असेल तर शीर्षक रोमनमध्येही द्या.

सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा फाईलचा प्रकार निवडा. साधं सीएसव्ही केलं तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते आणि फाईल बंद केल्यावर परत येत नाही. माझ्या दोनशे नोंदी अशा गेल्या, म्हणून रोज संध्याकाळी तारीख घालून वेगळी कॉपी ठेवा.

७. फोटोची नोंद की मूळ वस्तूची?

हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. समजा तुमच्याकडे राजा रविवर्म्यांच्या चित्राचा कुणीतरी १९६५ मध्ये काढलेला फोटो आहे. क्रिएटर कोण? लोक रविवर्मा लिहितात, डेटमध्ये १९६५ घालतात, आणि मग पोर्टलवर दिसतं की १९०६ मध्ये वारलेल्या चित्रकारानं १९६५ साली चित्र काढलं. एका नोंदीत एकच वस्तू. नोंद फोटोची असेल तर क्रिएटर फोटोग्राफर, डेट फोटोची, रविवर्मा सब्जेक्टमध्ये, आणि मूळ चित्र जिथं आहे तिथला नंबर रिलेशनमध्ये.

दप्तरातल्या कागदालाही रिलेशन लागतंच, हा कागद कुठल्या रुमालातला ते. ते तोडलं तर कागदाचा अर्थ जातो, कारण तो शेजारच्या कागदाचं उत्तर असू शकतो.

८. कोणता रकाना कुठं जातो त्याचा तक्ता

याला क्रॉसवॉक म्हणतात. एका बाजूला तुमचा रकाना, दुसऱ्या बाजूला डब्लिन कोअर, आणि तिसऱ्या रकान्यात "काय हरवतं" ते लिहा. मार्कचं २४५ टायटलमध्ये गेलं, काही हरवलं नाही. आयसॅडची पातळी कुठं जाणार? नीट जागा नाही, म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये शब्दांत. म्युझियमचं माप फॉरमॅटमध्ये. हा तिसरा रकाना कुणी करत नाही, पण उद्या तुमच्या जागी येणाऱ्याला तोच उपयोगी पडतो. सिडॉक सीआरएम नावाचं फार सखोल मॉडेल आहे, आयएसओ २११२७, वस्तू, घटना, माणसं सगळं गुंफणारं. सुंदर आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

९. काय बाहेर द्यायचं नाही

देणगीदाराचा पत्ता-फोन, वस्तूची किंमत, ती कुठल्या कपाटात आहे ते, हे तीन रकाने पाठवायच्या कॉपीतून काढून टाका. लपवून चालत नाही, हाईड केलेले रकाने फाईलबरोबर जातात. घरगुती पत्रांमध्ये आजारपण, भांडणं, दत्तकाची प्रकरणं असतात, त्या घराला विचारल्याशिवाय डिस्क्रिप्शनमध्ये तपशील लिहू नका.

राइट्स कधी रिकामं ठेवू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, फोटोला २०१२ पर्यंत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं होता, आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. राइट्सस्टेटमेंट्स म्हणून हक्क सांगणारी १२ तयार वाक्यं आहेत, त्यातलं एक निवडा. वस्तूचा हक्क आणि नोंदीचा हक्क वेगळा ठेवा, वस्तू बंधनात असली तरी नोंद मोकळी देता येते. युरोपियाना हे युरोपातल्या संग्रहांचं पोर्टल २०१२ पासून नोंदी पूर्ण मोकळ्याच घेतं. आमच्या कमिटीला हे पटवायला तीन मीटिंगा लागल्या, लोकांना वाटायचं नोंद दिली म्हणजे वस्तूच दिली. मी त्यांना ती "नग १" वाली ओळ वाचून दाखवली.

१०. आता पाठवा

देवाणघेवाणीची रीत ओएआय-पीएमएच नावाची आहे, दुसरी आवृत्ती २००२ ची, अजून तीच चालते. तुमच्या सर्व्हरवर एक खिडकी उघडते, पोर्टल ठराविक दिवसांनी येऊन विचारतं की मागच्या वेळेनंतर काय नवीन, आणि नोंदी घेऊन जातं. फोटो, स्कॅन तुमच्याकडेच राहतात, शोधणारा लिंकवरून तुमच्याकडे येतो. कोहा, डीस्पेस, ॲटम, ओमेका ही सॉफ्टवेअर, सगळ्यांत ही सोय मिळते आणि सगळी फुकट आहेत. पुस्तकं जास्त असतील तर कोहा, कागद जास्त असतील तर ॲटम, थोडं थोडं सगळं असेल तर ओमेका, आम्ही ओमेका घेतलं. सर्व्हरचा वार्षिक खर्च मात्र ठरावात घालून घ्या.

सर्व्हर झेपत नसेल तर शहरातल्या एखाद्या मोठ्या लायब्ररीला तुमची सीएसव्ही त्यांच्यामार्फत द्यायची विनंती करा. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी संस्थांकडून नोंदी घेते.

आधी दहाच पाठवा. एक पुस्तक, एक मोडी कागद, एक फोटो, एक वस्तू, एक संवतवाला चोपडा, असे मुद्दाम वेगवेगळे. पोर्टलवर त्या कशा दिसतात ते फोनवर उघडून बघा, नाव शोधून बघा, मराठीतून आणि इंग्रजीतून. आमच्या पहिल्या दहातल्या सहा नोंदींच्या तारखा चुकल्या होत्या आणि एका फोटोची लिंक माझ्याच कॉम्प्युटरच्या फोल्डरकडे जात होती. साडेचारशे पाठवल्या असत्या तर साडेचारशे ठिकाणी चुकलं असतं.

त्या वहीची नोंद आता अशी आहे: बडोद्याच्या गायनशाळेतल्या विद्यार्थ्याची हस्तलिखित स्वरलिपी वही, मराठी, देवनागरी लिपी, साल १८९० च्या आसपास, सब्जेक्टमध्ये मौलाबक्ष त्यांच्या नंबरसकट. विद्यार्थ्याचं नाव पहिल्या पानावर अर्धंच राहिलंय, कीड लागलीय, म्हणून क्रिएटरमध्ये "अज्ञात" आणि शेजारी आमचा स्वतःचा नंबर. पुण्याच्या मुलीला लिंक पाठवली, तिचं उत्तर आलं की तिच्याकडच्या एका हजेरीपटात ते अर्धं नाव पूर्ण असेल, शोधून कळवते.